आधी टाईट, मग शेक

शाळेतले किस्से कुणी जमा करत नाही हो, ते जमतात. फळ्याखाली खडूचा भुगा जमतो ना, तसे. रोज झाडलं तरी कोपऱ्यात थोडा उरतोच. आणि आमच्या शाळेतल्या किश्श्यांचं मूळ एकच, संशय! इकडे कुणी काही फुकट देऊन राहिलं, की लोक आधी त्याच्या तोंडाकडे पाहतात, मग हाताकडे, आणि मग त्याच्या मागे कोण उभं आहे ते पाहतात.

मी तरी कुणाला कशाला नावं ठेवू? मी आमगावची. पाहुण्यानं पेढ्यांचा डबा आणला, तर माझी आई डबा उघडायच्या आधी विचारायची, "काऊन जी, काय काम काढलं?" त्याच आईची मी लेक. नोकरी लागली ती चिचगडच्या पुढे, जंगलातल्या एका गावात. पहिली ते चौथीची शाळा, शिक्षक दोन. मुख्याध्यापक कपगते सर आणि मी. सरांकडे गणित, माझ्या गळ्यात इंग्रजी.

इंग्रजीची परिस्थिती अशी, की पोरं "गूऽऽड मॉर्निंऽऽग मॅऽऽडम" हे आरतीच्या चालीवर म्हणायची. "व्हॉट इज युवर नेम?" विचारलं, की अख्खा वर्ग एका सुरात, "आय ॲम फाईन, थँक्यू!" एकदा एक पोरगा पडला, गुडघा फुटला. मी घाबरून विचारलं, "काय झालं रे?" रडत रडत म्हणतो, "आय ॲम फाईन, थँक्यू." मी त्या दिवशी ठरवलं, की हे असं चालायचं नाही.

मग पिशवीतलं आईस्क्रीम सुचलं. झिपच्या लहान पिशवीत दूध, साखर आणि व्हॅनिलाचे थेंब. ती बंद करून मोठ्या पिशवीत ठेवायची, भोवती फोडलेला बर्फ आणि खडा मीठ. फडक्यात गुंडाळून हलवत राहायचं, आत आईस्क्रीम धरतं. प्रत्येक पायरीला एक इंग्रजी शब्द. ओपन, पोर, ॲड, टाईट, शेक. जिभेला लालूच दाखवली की शब्द तिच्यावर आपसूक येतील, असा माझा हिशेब. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शनिवार ठरला.

कपगते सरांना सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम, हे कोणत्या उपक्रमात बसते?"

"इंग्रजीत बसते, सर."

"तसं नाही. वरून पत्र आहे काय? आईस्क्रीमचं?"

"सर, वरून सध्या फक्त ऊन येऊन राहिलं."

सरांची रिटायरमेंट जवळ आलेली. अशा माणसाला पत्राशिवाय पाणीसुद्धा पचत नाही. पहिल्या शनिवारी आईस्क्रीम झालं, तेव्हा मी सरांपुढे चमचा धरला. सरांनी खाल्लं, डोळे मिटले, अजून एक चमचा मागितला. मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "चव चांगली आहे. पण मी खाल्लं असं कुठं बोलू नका!"

* * *

रोशनीचं आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तीच लागणार आहे. रोशनी उईके, चौथीत. घरी गोंडी, अंगणात झाडीबोली, शाळेत पुस्तकातली मराठी, आणि त्यावर माझी इंग्रजी. एवढ्या भाषांच्या गर्दीत पोरीनं निर्णयच घेऊन टाकला, की बोलायचं नाही! अक्षर सुंदर, सांगितलेलं सगळं करायची, पण शाळेत तोंडातून हूं की चूं नाही.

तिचे आई-वडील कोहमाऱ्याला, एका धाब्यावर कामाला. पोरगी इथे आजीजवळ. वडील, रामदासभाऊ, मधूनमधून फटफटीवर येऊन जायचे. एक दिवस शाळेत आले, दारातच उभे राहिले.

"मॅडम, पोरगी मुकी होऊन राहिली इथं. दिवाळी झाली का आश्रमशाळेत टाकतो. चार पोरींत राहील तं बोलल. पेटी आणून ठेवली मी."

मला ते पटेना. म्हटलं, "भाऊ, थोडा वेळ द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी उधार मागून राहिले. "ठीक आहे. दिवाळीपर्यंत एक शब्द ऐकवा. एकच! कोणत्याबी भाषेत. पण चार लोकांसमोर, माझ्या कानानं. मंग पेटी वापस."

आजीला हे कळलं तेव्हा ती काही रडलीबिडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी गेली तं मी बोलू कोनाशी?" न बोलणाऱ्या पोरीशी ती दिवसभर बोलायची. मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही, खरंच सांगते.

आणि ही रोशनी! तिला तर आईस्क्रीमचाच संशय. दूध हुंगलं, साखर हुंगली, व्हॅनिलाची बाटली नाकाशी धरून माझ्याकडे रोखून पाहिलं. बाकीची पोरं पिशवी फाडून चाटून राहिली, आणि हिनं चमचा भरला तो सरळ माझ्या तोंडासमोर धरला. म्हणजे आधी तुम्ही! मी खाल्लं. ती थांबली. मला काही होत नाही याची खात्री झाल्यावर मग तिनं जीभ लावली.

* * *

बर्फ कुठून आणायचा हा मोठाच प्रश्न होता. चिचगडच्या बाजारात मासोळीवाला बर्फाच्या लाद्या आणतो, तो द्यायला तयार झाला. मी त्याच्याकडून थर्माकोलचा डबा भरून घ्यायची, स्कूटीवर पुढे ठेवायची, हँडलला खड्या मिठाची थैली लटकवायची, आणि निघायची जंगलातून.

दुसऱ्याच शनिवारी नाक्यावर वनरक्षकानं थांबवलं. तरुण पोरगा, नवीन वर्दी, नजर एकदम डब्यावर.

"मॅडम, डब्यात काय?"

"बरफ."

"बरफ कायले?"

आता मी खरं बोलायची सवय लावून घेतलेली बाई. म्हटलं, "इंग्रजी शिकवायला."

त्यानं दुसऱ्या गार्डला हाक मारली!

डबा उघडला. बर्फाला मासोळीचा वास. थैली उघडली तर खडा मीठ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मॅडम, बरफ, मीठ अन् जंगलातला रस्ता. रानडुकराचं मटन खारवायलेबी हेच लागते."

"अहो, मी शिक्षिका आहे!"

"तेच तं. शिक्षकावर कोनी डाऊट घेत नाही."

शेवटी तो बापडा मोटारसायकलवर माझ्या मागे मागे शाळेपर्यंत आला. वर्गात बसला. पोरांनी त्याच्या हातात पण पिशवी दिली. त्यानं इतक्या जोरात हलवली की टोपी पडली. जाताना डब्यात पुन्हा एकदा वाकून पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे मॅडम. पन डुकराचं इंग्रजी काय, ते नाही शिकवलं तुम्ही."

* * *

मिठाचा घोळ तर बरेच आठवडे चालला. आमच्या शाळेत खिचडी शिजवते सगुणाबाई. तिनं खिडकीतून पाहिलं, की मॅडम बर्फावर मीठ टाकून राहिली. झालं! संध्याकाळपर्यंत हातपंपावर बातमी. मॅडम मिठाचं आईस्क्रीम बनवते, पोरांचं बीपी वाढवून टाकते.

मी तिला बोलावून सांगितलं, "बाई, मीठ बाहेरच्या पिशवीत असते. त्यानं बरफ जास्त थंड होते. आतमध्ये साखर."

"मीठ गरम पडते जी, थंड कसं करल?"

"अवो, हात लावून पाहा ना."

तिनं बोट लावलं, "आई वं!" करून मागे घेतलं, आणि तिचा संशय दुप्पट झाला. "काही तरी मिसळलं आहे यात," म्हणाली. त्या दिवसापासून ती स्वतःचा मिठाचा डबा पदराखाली घेऊन फिरायला लागली.

मी म्हटलं, या गोंधळातून 'इन' आणि 'आऊट' तरी शिकवून घेऊ. "शुगर इन, सॉल्ट आऊट!" वर्गानं घोकलं. प्रज्वल नावाचा पोरगा आहे, शाळा समितीच्या अध्यक्षांचा, सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्यानं बरोबर उलटं केलं. मीठ आत, साखर बाहेर. मेहनत पण सगळ्यात जास्त घेतली. पिशवी उघडून मोठा घास घेतला.

मी पाहूनच समजले. चेहरा असा झालेला, डोळ्यांत पाणी, थुंकता येईना, गिळता येईना. मी विचारलं, "प्रज्वल, हाऊ इज इट?"

पोरगा वीर निघाला. गिळलं. म्हणाला, "आय ॲम फाईन, थँक्यू."

* * *

आता शेक.

आपल्याकडे शेक म्हणजे काय? पोट दुखलं, कंबर धरली, की देतात तो. गरम. आणि मी शिकवून राहिले शेक म्हणजे हलवा, तेही बर्फाची पिशवी! हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. पोरांना काही फरक पडला नाही. फडक्यात गुंडाळलेल्या पिशव्या पोटाशी धरून अख्खा वर्ग डोलून राहिला आणि ओरडून राहिला, "शेक! शेक! शेक!"

तेवढ्यात दारात रोशनीची आजी. एका हातात निखाऱ्यांचं खापर, दुसऱ्या हातात एरंडाची पानं. धापा टाकत होती.

"काय झालं पोट्ट्यांले? कायले कन्हून राहिले? खिचडीत काय टाकलं व सगुना?"

सगुणाबाई तिकडून ओरडली, "म्या काही नाही टाकलं! मॅडमनं टाकलं, मीठ!"

मी आजीला बसवलं, पाणी दिलं. "आजी, कुणाचं काही दुखत नाही. इंग्रजीत शेक म्हणजे हलवणं."

"मंग हलवा म्हना ना. शेक कायले म्हनता?"

"इंग्रजीत तसंच आहे."

आजीनं रोशनीच्या हातातल्या पिशवीला हात लावला. गारठली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरफाले शेक म्हनते! या बाईचं लक्षन काही ठीक नाही."

ती खापर घेऊन घरी गेली, आणि पुढच्या शनिवारपासून आमच्या खिडकीबाहेर दगडावर येऊन बसायला लागली. पोरीवर पहारा! तोंडात सुपारी, नजर माझ्यावर. मी एक शब्द म्हटला, की तिचे ओठ हलायचे. प्रत्येक शब्दाला. मला पक्की खात्री होती, बाई मला शिव्या देऊन राहिली.

* * *

एकदा कपगते सर ऑफिसात फोनवर होते. केंद्रप्रमुखांचा फोन, म्हणजे सर उभे राहूनच बोलणार. इकडे वर्गात उकाड्यानं प्रत्येकाच्या चमच्यातलं आईस्क्रीम पातळ होऊन राहिलं. मी म्हटलं, चला, नवीन शब्द. "मेल्ट! इट मेल्ट्स!"

पोरांनी तो आपल्या सोयीनं घेतला. हातातल्या चमच्याकडे पाहत सगळे ओरडले, "मेलं! मेलं! मॅडम, माझंबी मेलं!"

सर धावत आले. फोन कानालाच, चेहरा पांढरा.

"मॅडम, कोण मेलं?"

पोरं एका सुरात, "आईस्क्रीम, सर!"

सरांना सत्य बोलायची भारी सवय. फोनमध्ये म्हणाले, "सर, आईस्क्रीम मेलं."

पलीकडून काही तरी विचारणा झाली. सरांनी फोनवर हात ठेवला आणि अगदी गंभीरपणे मला म्हणाले, "साहेब विचारून राहिले, शाळेला सुट्टी द्यायची काय?"

* * *

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. टाईटनं मात्र मला गोत्यात आणलं.

झिपची पिशवी नीट बंद झाली नाही, तर मिठाचं पाणी आत शिरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मी प्रत्येकाला विचारायची, "इज इट टाईट?" पोरांनी म्हणायचं, "येस, इट इज टाईट." आमच्या अख्ख्या भागात टाईट या शब्दाचा एकच अर्थ आहे, आणि तो काही झिपचा नाही. मोहफुलाची पोटात गेली, की माणूस होतो टाईट.

प्रज्वलला घरी बापानं विचारलं, "आज शाळेत काय शिकला बे?"

"टाईट! मॅडम म्हनते, आधी टाईट करा, मंग शेक. टाईट नाही झालं तं मजा येत नाही!"

अध्यक्ष सुखदेवभाऊंच्या हातातला घास तसाच राहिला. सोमवारी सकाळी ते शाळेत आले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. नाकानं मोठा श्वास ओढला. मी मागे सरकले, ते पुढे सरकले. माझ्या तोंडाचा वास घेऊन राहिला होता तो माणूस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सुखदेवभाऊ, काय शोधून राहिले तुम्ही?"

"काही नाही. तुमी कोनती टूथपेस्ट वापरता, ते पाहून राहिलो."

आठ दिवसांत तक्रार वर पण गेली. मॅडम मुलांना टाईट व्हायला शिकवतात, त्याआधी शेक देतात की नंतर ते कळत नाही, चौकशी व्हावी. चार पालकांच्या सह्या घेतलेल्या. त्यात एक सही रामदासभाऊंची. मला त्याचं जास्त लागलं. एक शब्द ऐकवा म्हणणारा माणूस, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता सही करून गेला.

मग समितीची सभा ठरली, संध्याकाळची, आणि मी पोरांनाही बोलावून घेतलं. मी म्हटलं, आता समोरासमोर होऊन जाऊ द्या. सगळ्यांसमोर पिशवी उंच धरली आणि झिप लावून विचारलं, "इज इट टाईट?"

पोरं ओरडली, "येस, इट इज टाईट!"

झिप उघडली. "इज इट टाईट?"

"नो! इट इज नॉट टाईट!"

लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, "असं आहे काय! घट्ट म्हनजे टाईट." माझा जीव भांड्यात पडला. मी खुशीत म्हटलं, "आता स्वतःचं वाक्य कोण बनवतो?"

प्रज्वल ताडकन उठला. दारातून नुकतेच आत आलेले सुखदेवभाऊ चौकटीला धरून उभे होते. पोरानं अभिमानानं बापाकडे बोट दाखवलं.

"माय फादर इज टाईट!"

भाषांतर कुणी मागितलं नाही.

* * *

सगळे शब्द आले, पण एक काही केल्या येईना. वेट.

पिशवी हलवून झाली, की ती थोडा वेळ तशीच ठेवावी लागते. तेव्हा कुठे आईस्क्रीम नीट धरतं. मी म्हणायची, "नाऊ वेट!" आणि माझं वाक्य संपायच्या आत पिशव्या उघडलेल्या. वर्षभर थांबायला सांगितलेलं असल्यासारखी तुटून पडायची. मग आईस्क्रीमच्या जागी नुसतं गार दूध.

प्रज्वलनं तर उलटा सवाल टाकला. "मॅडम, वेट म्हनजे वजन ना? मंग पह्यले मोजा तं खरं!"

थांबायची ती एकटी रोशनी. ओढणीत पिशवी गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. कुणी हात लावायला गेलं, की नुसता डोळे वटारून तळवा दाखवायची. तिचं आईस्क्रीम सगळ्यात घट्ट व्हायचं. अर्धं खायची, अर्धं खिडकीतून आजीला द्यायची. आजी आधी हुंगायची, मग माझ्याकडे पाहायची, मग खायची. ही सवय त्यांच्या घरातलीच होती तर!

दिवाळी जवळ येऊन राहिली. मी रोशनीच्या शेजारी बसून विचारलं, "बेटा, तू आत्ता काय करून राहिली? त्याला काय म्हणायचं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. ओठ उघडले. आणि तिनं मला तळवा दाखवला.

मी उठले, फळ्याकडे तोंड केलं आणि उगीच तारीख पुसून पुन्हा लिहिली. पोरांसमोर डोळे पुसायचे नव्हते मला. मनात तर संशयाचा किडा शिरलाच होता, की रामदासभाऊंचंच खरं असेल. माझ्या या पोरखेळात पोरीचं वर्ष जाऊन राहिलं असेल.

* * *

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा शनिवार. त्याच दिवशी वरून साहेब आले, टाईटच्या चौकशीला. कपगते सरांनी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला म्हणाले, "मॅडम, आज आईस्क्रीम राहू द्या. आज आपण कविता घेऊ."

म्हटलं, "सर, कविता घेतली तर साहेबांना वाटेल आपण काही लपवून राहिलो."

साहेब खुर्चीवर बसले नाहीत. डबा पाहिला, बर्फ पाहिला, व्हॅनिलाची बाटली हुंगली, दोनदा. "यात अल्कोहोल किती असते?" म्हणाले. मी त्यांच्या हातात पिशवी दिली. "साहेब, तुम्हीच करा. काय आहे ते कळेल."

वर्ग सुरू झाला. "ओपन! पोर! ॲड!" साहेब पण दूध ओतून राहिले. आतली पिशवी बंद केली, पण झिप कोपऱ्यात उघडी राहिली. प्रज्वलची नजर घारीची. उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "सर, यू आर नॉट टाईट!"

साहेब दचकले. कपगते सरांनी डोळे मिटून घेतले. मी झिपकडे बोट दाखवलं. साहेबांनी झिप दाबली, पोराकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशीखाली पहिल्यांदा काहीतरी हललं. मग शेक सुरू झाला. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हलवायला लागले, पोरांपेक्षा जोरात. वर्गात नुसता बर्फाचा खडखडाट.

"नाऊ वेट!" मी म्हटलं. साहेब समोर होते म्हणून असेल, पण त्या दिवशी कुणी पिशवी उघडली नाही.

तेवढ्यात बाहेर फटफटी वाजली. रामदासभाऊ. मागे दोरीनं बांधलेली निळी पेटी. नवी, चकचकीत.

ते दारात येऊन म्हणाले, "मॅडम, रोशनीचा दाखला द्या. तिकडून निरोप आला, सुट्टीच्या आधीच भरती करून घेते म्हनून. मले लवकर वापस जायचं आहे."

मी म्हटलं, "भाऊ, दिवाळीपर्यंत म्हटलं होतं ना तुम्ही?"

"म्हटलं होतं. बोलली काय?"

साहेब माझ्याकडे पाहून राहिले, कपगते सर जमिनीकडे. खिडकीत आजी उठून उभी राहिली होती, दोन्ही हातांनी गज धरून. तिच्या तोंडातली सुपारीसुद्धा थांबली होती.

रामदासभाऊ आत आले. रोशनी मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, ओढणीत गुंडाळलेली.

"चल."

ती हलली नाही.

"रोशनी, चल म्हनतो ना! गाडी चालूच आहे बाहेर."

त्यांनी तिच्या पिशवीकडे हात नेला. तिनं तळवा वर केला, नेहमीसारखा. बापाचा हात थांबला नाही. आणि मग पोरीनं मान वर करून बापाच्या डोळ्यांत पाहिलं.

"वेट!"

इतकं स्पष्ट, की मागच्या भिंतीजवळची पहिलीची पोरं पण वळून पाहायला लागली. रामदासभाऊंचा हात तसाच हवेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, मग पुन्हा पोरीकडे.

"काय... काय म्हनून राहिली हे?"

मी तोंड उघडलं. साहेबांनी तोंड उघडलं. कपगते सर पण काही बोलायला पुढे झाले. पण आमच्या सगळ्यांच्या आधी खिडकीतून आवाज आला, खणखणीत.

"थांब म्हनते ते! एवढी इंग्रजी नाही समजत काय रे तुले? उतरव ते पेटी!"